दोन्हीकडं माझंच नाव

घटप्रभा स्टेशनच्या फलाटावरून एका अंगाला गाडी चिकोडी रोड, रायबाग, कुडची करत मिरजेला जाते आणि दुसऱ्या अंगाला गोकाक रोड, पाच्छापूर, बेळगाव करत लोंढ्याला. मिरजेहून पुढं पुणे-मुंबई, लोंढ्याहून पुढं वास्को. मीटरगेजच्या शेवटच्या काळात मिरजेला उतरून गाडी बदलावी लागे. बेळगाव जिल्ह्यातल्या मुली पिढ्यान् पिढ्या याच दोन दिशांना नेल्या गेल्या. वरच्या बाजूला सांगली-मिरज, पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा कामाठीपुरा आणि खालच्या बाजूला वास्कोचं बायणा. देवाला सोडलेल्या बायकांनी आपली स्वतःची संस्था उभी केली तीही याच रुळांवरच्या गावात, घटप्रभेला. तिचा इतिहास मराठी वाचकांसाठी लिहायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून मी मुद्दाम स्टेशनवर उतरून चालत गेले.

संस्थेचं नाव कन्नड आहे. ‘महिला अभिवृद्धि मत्तु संरक्षण संस्थे’, म्हणजे महिलांचा विकास आणि संरक्षण करणारी संस्था. सगळे तिला ‘मास’ म्हणतात. नोंदणी 1997 ची. पण नोंदणीच्या तारखेपासून सुरू केला तर हा इतिहास अर्धा राहील. कन्नड नावाच्या या संस्थेची एक मुळी आमच्या मराठी मुलखात, निपाणी-गडहिंग्लजच्या मातीत आहे, आणि ती मला जवळून ठाऊक आहे.

मी संस्थेची पदाधिकारी नाही, कर्मचारीही नाही. माझं सगळं आयुष्य निपाणी भागातल्या मराठी शाळांत शिकवण्यात गेलं. ऐंशीच्या दशकातल्या एका जूनमध्ये मी एका शाळेत पहिलीचे प्रवेश लिहून घेत होते. पालकांची रांग दारापर्यंत गेली होती. तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई मुलाला घेऊन पुढं आली. वखारीतल्या बाया लांबूनही ओळखू यायच्या. अंगावरच्या लुगड्याला जर्द्याचा उग्र वास, भुवयांवर बारीक पिवळसर धूळ आणि बोलण्याआधी एक ढास. मी न बघताच विचारलं, “वडिलांचं नाव?” ती गप्प. मी मोठ्यानं पुन्हा विचारलं. मागची रांग ऐकत होती. तिनं पदर सारखा केला, तेव्हा गळ्यातले लाल-पांढरे मणी दिसले. मग ती शांतपणे म्हणाली, “बाई, माझंच नाव घाला की दोन्हीकडं.”

मी घातलं नाही. नियमात बसत नव्हतं. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. ती रेघ त्या मुलाच्या दाखल्यावर गेली, दाखल्यावरून पुढच्या शाळेत गेली. कायद्यानं मी काहीच चूक केली नव्हती. पण त्या दिवशी मी त्या बाईला भर रांगेत उघडं पाडलं, हे मला आज चाळीस वर्षांनीही सलतं. या विषयाकडं मी वळले ती त्या रेघेमुळं.

ते मणी म्हणजे ‘मोती’. कन्नडात ‘मुत्तु’. मोती बांधले की मुलगी यल्लम्माची झाली, जोगतीण झाली. आमच्या भागात म्हणायचे, ‘देवाला सोडली’. केसात जट निघाली, घरात आजारपण आलं, मुलगाच झाला नाही, नवस बोलला, कशानंही मुलगी सोडली जाई. सोडणारी घरं बहुतेक मातंग, महार आणि त्याच पायरीवरची, म्हणजे कन्नड बोलीतले मादर आणि होलेय. जमीन नाही, पाणी वेगळं, देवळाच्या आत पाऊल टाकता येत नाही. पण पोरगी मात्र देवाला चालते. मार्गशीर्षातल्या ‘रांडाव पुनवेला’ सौंदत्तीच्या डोंगरावर देवी विधवा होते म्हणून बांगड्या फुटत, आणि माघी पुनवेच्या जत्रेत नव्या मुलींना मोती बांधले जात. खाली जोगुळभावीला आंघोळ, अंगाला लिंबाचा पाला, कपाळभर भंडारा, आणि मग डोक्यावर देवीचा जग, हातात परडी. मंगळवार-शुक्रवार पाच घरं जोगवा मागायचा.

इथवर धर्म होता. पुढं व्यवहार सुरू होई. मुलगी वयात आली की कुणीतरी ऐपतदार माणूस तिचा पहिला ‘मालक’ होई. तो कंटाळला, मेला किंवा निघून गेला की पोट हातावर येई, पदरात पोरं असत. अशा वेळी गावचीच कुणीतरी, मुंबईहून नायलॉनची साडी आणि सोन्याची फुलं घालून आलेली, म्हणे, “चल माझ्यासंगं, काम लावून देतो.” दलाल बाहेरून यावा लागत नसे. मुलीचा सौदा आधी देवळात झालेलाच असे, कामाठीपुऱ्याच्या घरवालीकडं फक्त त्याची पावती फाडली जाई. म्हणून देवदासी प्रथेला मी नुसती रूढी किंवा अंधश्रद्धा म्हणत नाही. ती मानवी तस्करी आहे, आणि तिच्या नावावर देवीचा शिक्का आहे.

कायद्याला हे फार पूर्वी कळलं होतं. शाहू महाराजांनी 1920 मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळ्या सोडण्याला बंदी घालणारा कायदा केला. पण निपाणी संस्थानात नव्हती. ती ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात होती. कागल संस्थानच्या हद्दीत आणि निपाणी इंग्रजी हद्दीत, मध्ये बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. कागलकडं गुन्हा, निपाणीकडं देवधर्म. इंग्रजी मुलखात कायदा यायला 1934 उजाडलं. त्या सालच्या मुंबई इलाख्याच्या देवदासी संरक्षण कायद्यानं मुलगी सोडणं बेकायदा ठरवलं आणि देवदासीचं लग्न कायदेशीर मानलं.

मग देश स्वतंत्र झाला. घटनेच्या 23 व्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना थेट मनाई केली. मूलभूत हक्कांतलं हे एक असं कलम आहे, जे सरकारइतकंच तुमच्या-आमच्यावरही बंधनकारक आहे. 1950 च्या मे महिन्यात भारतानं न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि त्याला धरून 1956 चा अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा आला. तोच 1986 च्या दुरुस्तीनंतर लोकांच्या तोंडी ‘पिटा’ झाला. 1956 च्याच नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या त्या रेषेनं आमच्या भागाची काय अवस्था केली, हे या मुलखातल्या वाचकाला सांगायला नको. शाळा, न्यायालय, दाखले, भाषा, सगळ्यावर ती रेषा उमटली. पण एका गोष्टीची चर्चा आमच्या सीमापरिषदांत मी कधी ऐकली नाही. ही रेषा कायद्याला आडवी आली, मुलींना कधीच आडवी आली नाही. कोगनोळीच्या नाक्यावर भाजीचा ट्रक थांबायचा, तंबाखूची गाडी थांबायची. एसटीत खिडकीशी बसलेली तेरा वर्षांची मुलगी आणि तिच्या शेजारची ‘मावशी’ यांना कुणीही थांबवलं नाही.

कर्नाटकानं 1982 मध्ये देवदासी समर्पण प्रतिबंधाचा नवा कायदा केला, तो लागू झाला 1984 मध्ये. मुलगी सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. सोडणारे आईबाप किंवा नातेवाईक असतील तर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 2005 चा. म्हणजे मधली वीस-एकवीस वर्षं निपाणीला एक कायदा होता आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कागलला 1934 चा जुनाच. यल्लम्मा मात्र दोन्हीकडची एकच. सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या कोल्हापूर, सांगली, सोलापुरातून भरून येत. मुलगी महाराष्ट्रातली, मोती कर्नाटकात, धंदा पुन्हा महाराष्ट्रात किंवा गोव्यात. गुन्हा कुठं घडला? ज्या ठाण्यात जावं तिथं उत्तर ठरलेलं, हे आमच्या हद्दीत येत नाही.

कायद्याच्या आधी आणि कायद्यापेक्षा जास्त काम चळवळीनं केलं. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठाननं 1975 मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवली. जोगतिणींना जोगव्यासाठी दारात उभं करणाऱ्या गावात त्या खुर्च्यांवर बसून बोलल्या. गडहिंग्लजला प्रा. विठ्ठल बन्ने यांनी आणि निपाणीला प्रा. सुभाष जोशी यांनी हे काम हाती घेतलं. जोशीसर आधी तंबाखू आणि विडी कामगार बायकांची संघटना बांधत होते, पुढं ते निपाणीचे आमदारही झाले. निपाणीचं नाव महाराष्ट्रभर झालं ते 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळं, शेतकरी नेते शरद जोशींमुळं, आणि त्या वर्षीच्या गोळीबारामुळं. पण त्याआधीच वखारीतल्या बायांनी चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली मालकांना दरवाजे उघडायला लावले होते. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटानं 1982 मध्ये या बायकांवर माहितीपट केला. त्यातले चेहरे आमच्या गल्लीतले.

या दोन लढ्यांचा सांधा बाहेरच्यांना पटकन दिसत नाही. वखारीत काम करणाऱ्या बायांत टाकलेल्या, विधवा आणि देवदासी खूप होत्या. दिवसभर तंबाखू चाळून जी मजुरी मिळे तिच्यात घर चालत नसे, म्हणून रात्रीचा धंदा सुटत नसे. मजुरी वाढली तेव्हा काहीजणींची रात्र मोकळी झाली. मुलगी विकली जाऊ नये यासाठी देशात जे काही केलं गेलं, त्यात किमान वेतनाचा लढा मी वरच्या नंबरला ठेवते. कायद्याच्या पुस्तकात तो तस्करीच्या प्रकरणात सापडणार नाही.

साहित्यातही हे आलं. राजन गवस याच भागातले. त्यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी जोगतिणी-जोगत्यांचं जगणं मराठी वाचकाच्या घरात नेलं आणि पुढं त्यांच्यावर आधारलेल्या ‘जोगवा’ चित्रपटानं 2009 मध्ये ते शहरापर्यंत पोचवलं. हे महत्त्वाचं होतंच. पण पडद्यावरची जोगतीण बघून रडलेले लोक गावातल्या जोगतिणीच्या मुलीला सून करून घेत नव्हते, हेही मी पाहिलं आहे.

आता घटप्रभेकडं येते.

1990-91 च्या सुमारास कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळानं बेळगाव जिल्ह्यातल्या देवदासी पुनर्वसनाचं काम ‘मायराडा’ या संस्थेवर सोपवलं. मायराडा 1968 ची, मूळ तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीसाठी निघालेली. तिनं घटप्रभेला ठाण मांडलं. कार्यकर्ते गावोगाव गेले तेव्हा बायका दारं लावून घेत. सरकारी माणूस आला की एक तर धाड, नाहीतर नसबंदी, हा त्यांचा अनुभव. आणि मोती तोडा म्हणणारा माणूस म्हणजे तर देवीचा कोप घरात आणणारा. हे काम भाषणांनी होणारं नव्हतंच. रात्री देवळापुढं बैठका, पथनाट्यं, पुन्हा बैठका. मग एखादी धीर करून म्हणे, माझी जट काढा.

जट काढणं म्हणजे काय हे जिनं बघितलं नाही तिला सांगते. वीस-वीस वर्षं न विंचरलेल्या, तेल-भंडाऱ्यानं दगड झालेल्या केसांचा तो दोर असतो. मान कायम एका बाजूला ओढलेली. आत उवा, जखमा. कात्री चालत नाही, करवतीसारखं घासावं लागतं. जट सुटते तेव्हा बाई आधी हात मानेकडं नेते आणि मान दोन्हीकडं वळवून बघते. मग रडते. आणि पुढचे आठ दिवस घरात कुणाला ताप येतो का, म्हैस आटते का, याची वाट बघते. काही झालं नाही की शेजारची येते.

जिल्ह्यातल्या देवदासींचे संघ बांधले गेले. बचतीचे दोन-पाच रुपये, मग कर्ज, शेळी, म्हैस, किराणा दुकान. हे सगळं बचत गटांच्या काळात आता नेहमीचं वाटतं. पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक हातात आल्यावर त्या बाईला जे वाटतं, ते नेहमीचं नाही. रकान्यात तिचंच नाव असतं, आणि कुणाचंही नाव जोडावं लागत नाही.

प्रकल्प आज ना उद्या संपणार हे उघड होतं. सरकारी योजना संपते, संस्था निघून जाते आणि बायका होत्या तिथं येतात, असं आपण किती ठिकाणी बघतो. इथं ते झालं नाही, कारण 1997 मध्ये बायकांची स्वतःचीच संस्था नोंदली गेली. तीच ‘मास’. सभासद देवदासी, कारभारी मंडळ त्यांचंच. लता माळा यांच्यासारख्या कार्यकर्त्या मायराडाच्या दिवसांपासून सोबत राहिल्या, पण खुर्ची बायकांकडं गेली. सभासदांचा आकडा साडेतीन हजारांच्या घरात पोचला. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना ही आहे. पुरस्कार, भेटी, इमारत हे सगळं नंतरचं.

सितव्वा जोडट्टी यांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. चिकोडी तालुक्यातल्या कब्बूरच्या. सातव्या वर्षी त्यांना देवाला सोडलं. नव्वदीच्या सुरुवातीला त्या या कामात आल्या, 2012 मध्ये संस्थेचा कारभार त्यांच्याकडं आला आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वर्षीच्या यादीत आमच्या भागातलं नाव वाचून मी पेपर घेऊन शेजारणीकडं धावत गेले होते. शाळेच्या पायऱ्या फारशा न चढलेल्या बाईनं राष्ट्रपती भवनाच्या पायऱ्या चढल्या, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मला वेगळंच आठवत होतं. अशा किती सितव्वा माझ्या वर्गाच्या रांगेतून मी पुढं ढकलल्या असतील.

कायद्याचं काय झालं, हे संस्थेच्या इतिहासात लिहिणं भाग आहे. 1982 च्या कायद्याखाली शिक्षा झालेली माणसं शोधावीच लागतात. कारण सोपं आहे. शिक्षा आईबापाला आणि तक्रार करायची मुलीनं. आठ वर्षांची मुलगी आईला तुरुंगात घालायला ठाण्यात जाईल का? जत्रेत पोलीस उभे राहिले, तशी मोती बांधण्याची रीत डोंगरावरून घरात, लहानशा देवळात, रात्रीच्या वेळी गेली. दुसरा अडथळा आणखी कडू. सरकारनं देवदासींची मोजणी केली. 1993-94 मध्ये राज्यात 22,873 आणि 2007-08 ची मोजणी धरून एकूण 46,660. पेन्शन, घर, कर्ज, सगळं या यादीवर. पण कायदा आला म्हणजे प्रथा संपली, असं सरकारी कागद धरून चालायचा. मग 1984 नंतर सोडलेली मुलगी यादीत कशी येणार? तिनं नाव लावायला जायचं म्हणजे घरच्यांचा गुन्हा कबूल करायचा. जिला कायद्यानं वाचवायचं, तीच कायद्यामुळं मोजणीतून सुटली.

सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्ये विशाल जीत खटल्यात देवदासी, जोगिणी आणि बालवेश्यांबाबत राज्यांना समित्या नेमायला सांगितलं होतं. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 2014 च्या फेब्रुवारीत, त्याच न्यायालयाला कर्नाटकाच्या मुख्य सचिवांना सांगावं लागलं की उत्तंगी माळ दुर्गा देवळात त्या रात्री मुली सोडल्या जाणार नाहीत हे पाहा. यावरून अंमलबजावणीची गत समजावी.

2013 च्या दुरुस्तीनं भारतीय दंडसंहितेत 370 वं कलम नव्यानं आलं आणि मानवी तस्करीची नीट व्याख्या झाली. भरती करणं, नेणं, आसरा देणं, ताब्यात घेणं, धाक, फसवणूक किंवा आमिष, आणि शोषणासाठी. मुख्य म्हणजे पीडितेची ‘संमती होती’ हा बचाव उरला नाही. सात ते दहा वर्षं सक्तमजुरी, अल्पवयीन मुलगी असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. 1 जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या 143 व्या कलमात आहे आणि शोषणाच्या व्याख्येत भीक मागायला लावणंही आलं आहे. वेठीची मजुरी मात्र व्याख्येत स्पष्ट शब्दांत नाही, ही मोठी उणीव आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला उचल देऊन अख्खी कुटुंबं नेली जाणाऱ्या आमच्या भागाला ती विशेष जाणवते. त्यांच्यासाठी 1976 च्या वेठबिगार कायद्याकडं जावं लागतं. 2018 मध्ये लोकसभेनं तस्करीविरोधी सर्वंकष विधेयक मंजूर केलं होतं. ते राज्यसभेत मंजूर झालंच नाही, लोकसभेबरोबर विरलं.

आमच्या दृष्टीनं नव्या कायद्यातली सर्वांत कामाची गोष्ट फौजदारी प्रक्रियेत आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घेतलीच पाहिजे. ‘हद्दीत येत नाही’ हे वाक्य आता बेकायदा आहे. सीमाभागातल्या प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत हे एवढं जरी पाठ करून घेतलं, तरी पुष्कळ होईल.

‘पिटा’बद्दल मात्र माझं मत कडक आहे. या कायद्याचा रोख दलाल, घरवाली, कुंटणखाना यांच्यावर असायला हवा होता. प्रत्यक्षात आठवं कलम, म्हणजे उघड्यावर गिऱ्हाईक बोलावण्याचं, सर्वांत सोपं. पकडली जाते बाई. दंड भरते बाई आणि दंडाचे पैसे फेडायला पुन्हा तिथंच उभी राहते बाई. गोव्यात बायणाची वस्ती 2004 च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, पाडली गेली. तिथल्या बायकांत उत्तर कर्नाटकातल्या पुष्कळ. वस्ती गेली, धंदा लॉजमध्ये आणि रस्त्यावर गेला. त्याच गोव्यानं 2003 मध्ये बालकांसाठी जो कायदा केला त्यात बालतस्करीची व्याख्या देशात आधी झाली होती, हेही नोंदवते.

सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेची भूमिका इथं सांगायला हवी, कारण तिच्याशी जोडलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ निपाणीतही काम करते आणि तिच्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. मीना शेषू यांनी 1992 मध्ये ‘संग्राम’ सुरू केली. या बायकांचं म्हणणं असं की आम्हाला सगळ्यांनाच विकलेलं, फसवलेलं धरू नका. धाड टाकून, केसाला धरून गाडीत घालणं म्हणजे सुटका नव्हे. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की स्वेच्छेनं हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान बाईला पोलिसांनी छळू नये. या दोन भूमिकांत मी पुष्कळ वर्षं अडकून होते. घटप्रभेच्या बायका म्हणतात, पुढची मुलगी या वाटेला जाऊ नये. सांगलीच्या बायका म्हणतात, जी या वाटेवर आहे तिचा अपमान होऊ नये. दोन्ही बरोबर आहेत. वय हीच खरी सीमारेषा. अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत इच्छा, संमती, देव, नवस यांतलं काहीही ऐकून घ्यायचं नाही. 2012 चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा तेच सांगतो.

मोती बांधणं आज फार कमी झालं आहे. संस्थेचं, चळवळीचं, शिक्षणाचं ते यश आहे. पण दलालानं वाट बदलली. आता तो लग्न घेऊन येतो. हुंडा नको, उलट खर्च आम्ही करतो, मुलगा परराज्यातला, शेती आहे. चार दिवसांत लग्न, पाचव्या दिवशी मुलगी गाडीत. किंवा मोबाइलवर ओळख, आणि मिरजेच्या फलाटावर भेट. म्हणून संस्थेच्या कामात बालविवाह रोखणं, शाळा सुटलेल्या मुलींवर लक्ष ठेवणं, हे आलं. वरच्या वर्गातली मुलगी आठ दिवस आली नाही की कारण विचारायला घरी जावं, ही सवय आम्हा शिक्षकांना लागली असती, तर कित्येक कलमांची गरज पडली नसती. मी हे माझ्यासकट सगळ्यांना उद्देशून लिहिते.

वडिलांच्या नावाचा प्रश्नही थोडा हलला आहे. महाराष्ट्रानं 2024 मध्ये सरकारी कागदांवर आईचं नाव आधी लावायचं ठरवलं. कर्नाटकात देवदासींच्या मुलांवर वडिलांचं नाव देण्याची सक्ती नको, ही मागणी बायका पुष्कळ वर्षं करत आल्या.

या लेखासाठी घटप्रभेला गेले, तेव्हा संस्थेच्या व्हरांड्यात एक साठीची बाई माझी वाट बघत बसली होती. मी निपाणीची बाई, मराठी लिहिते, हे कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, मुलगा कागलकडचा. पत्रिका दोन भाषांत छापायची होती. कन्नड मजकूर तयार होता, मराठी मी लिहून द्यायचा. तिनं मांडीवरच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तिची सही खाली होती, कन्नडात, अक्षरं एकेक सुटी काढलेली.

मी लिहायला लागले. वधूचं नाव झालं. “कोणाची कन्या?” मी विचारलं, आणि विचारताच थांबले.

“तिच्या आईचं नाव,” ती म्हणाली.

“आणि नात कोणाची?”

“माझी.”

मी दोन्ही नावं लिहिली. तिनं कागद हातात घेतला. मराठी तिला वाचता येत नव्हतं, तरी बोटानं ती ओळ शोधली. “हेच का?” म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिनं कागदाची पुन्हा घडी घातली आणि मिरजेची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. पत्रिका कोल्हापुरात छापायची होती.